धड्यातलं गाव

दहावीची बोर्डाची परीक्षा तेव्हा नवी नवी होती. मराठीच्या पुस्तकात खेड्यावर एक धडा होता. त्यातलं गाव म्हणजे निव्वळ खडीसाखर. माणसं समाधानी, बाया गाणी म्हणत पाणी भरतात. केळझरजवळच्या आमच्या गावात बाया पाणी भरताना कडाकडा भांडत. सर विचारायचे, "लेखकाचा हेतू काय?" आणि स्वतःच फळ्यावर लिहायचे, 'ग्रामीण जीवनाची महती पटवून देणे.' आम्ही ते घोकायचो.

माझा जीव अडकला होता अकरावीत. त्यासाठी वर्ध्याला जावं लागणार होतं आणि बाबा नुसतं "पाहू" म्हणत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ते मला पुस्तक वाचायला लावायचे. छापलेलं सगळं त्यांच्या लेखी पोथीच. वाचन सुरू झालं की हातातली जुडी खाली ठेवून, मांडी घालून ऐकायचे. पोथी सांगणाऱ्याला कोणी हेतू विचारतं का?

तो धडा मी मोठ्या हौसेनं वाचला. बाबांचे डोळे भरून आले.

"किती खरं लिवलं हाय! एवढा शिकलेला मानूस म्हन्ते का सुख गावातच हाय. मंग तुले काऊन पाठवू वर्ध्याले?"

धड्याच्या वर लेखकाचा परिचय होता, तो घाईघाईनं वाचून दाखवला.

"बाबा, हा मानूस लहानपनीच शहरात गेलता. तिथंच शिकला, तिथंच राह्यला. दुरून डोंगर साजरे, त्याले काय होते लिवाले!"

बाबा शांतपणे म्हणाले, "म्हनूनच त्याचं खरं. त्यानं शहर पाह्यलं अन् मंग सांगून राह्यला. तुले पुन्हा कायले जा लागते?"

बाबा दुष्ट असते तर मी भांडले असते, उपाशी बसले असते. पण एका मोठ्या माणसानं आपल्या लेकीला वेळेवर सावध केलं, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. त्या मायेपुढे माझं काही चाललं नाही. मी चिडले, रडले आणि शेवटी हरले.

उन्हाळ्यात पाहुणे मला बघायला आले. पोरीला वाचता येतं हे दाखवायला बाबांनी कौतुकानं तोच धडा काढायला लावला. मी एकाही शब्दावर अडखळले नाही. सासरे होणारे गृहस्थ उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "आमाले पसंत हाय."