कुत्र्याचं पथ्य

माझ्या वडिलांचा एक नियम होता. आपण चाखलेलं नाही ते जनावराला द्यायचं नाही. कोरपन्याकडच्या आमच्या गावात ते कापूस पिकवत, तेव्हा बैलांसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेचा तुकडा ते आधी स्वतःच्या दाढेखाली घालून बघत. ढेप खवट निघाली की पोतं परत, आणि वर दुकानदाराचा उद्धार. "जे आपल्या तोंडाले चालत नाई, ते मुक्या जीवाले काऊन द्याचं?" हा त्यांचा सवाल असे. त्याला उत्तर द्यायची हिंमत बैलांसकट कोणालाच नव्हती.

पुढे मी गोंडपिपरीला शाळेत शिक्षक म्हणून लागलो, शेती मक्त्याने दिली आणि आईबाबा माझ्याकडे राहायला आले. सामानाच्या टेम्पोत भांड्यांच्या पोत्यावर बसून गावचा तांबडा कुत्राही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बैल विकले गेले होते, त्यामुळे बाबांच्या प्रेमाचा सगळा भार या एकट्यावर पडला. आई त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे आणि दिवसातून अनेकदा 'मेला' म्हणे.

त्याच सुमारास बाबांना शुगर निघाली. पायात काटा मोडला होता, ती जखम भरून येईना, म्हणून चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. साखर खाली आली नाही तर बोट काढावं लागेल, म्हणाले, आणि बोटावरच थांबेल याची खात्री नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा म्हणाले, "एक गेलं त काय होते, बाकीचे राह्यते ना." बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात रबडी चांगली मिळते, हेही त्यांनी मला सांगितलं.

घरी आईने पहारा बसवला. साखरेचा डबा कुलपात, गूळ शेजारणीकडे, चहा बिनसाखरेचा. सणासुदीचं पुरणसुद्धा आमच्याकडे बंद झालं. तरी साखर खाली येईना. दर खेपेला चंद्रपूरचे डॉक्टर आईकडे बघून विचारत, "घरी पथ्यावर लक्ष कोण ठेवतं?" आणि ती गुन्हेगारासारखी मान खाली घालून परत येई. मला त्या डॉक्टरांचा फार राग यायचा. इकडे जखम काळवंडत चालली होती आणि तिकडे कुत्रा फुगत चालला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

एकदा शेजारच्या गाईला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते. आईने त्यांना कुंपणावरूनच हाक मारली. "डॉक्टरसाहेब, हा कुत्रा पायऱ्या चढता चढता बसून राह्यला. जरा पायता का?"

डॉक्टरांनी कुत्र्याला उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. हाडं निघालेली गुरं बघण्यातच त्यांची आजवरची नोकरी सरली होती. जास्त खाऊन आजारी पडलेलं जनावर म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं असावं.

"काय खाऊ घालता, भाऊ?"

बाबांची कळी खुलली. "चांगलंचुंगलंच देतो. पेढा, बर्फी, ग्लुकोजची बिस्किटं. अन सगळं मी आधी चाखून पायतो."

"किती चाखता?" हे आईने विचारलं.

"त्याले जेवढं तेवढंच. पंगतीत भेदभाव कराचा नाई."

आईचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. घरभर कुलपं लावली होती तिने, पण कुत्र्याच्या खाऊला कुलूप लावायचं सुचलं नव्हतं. मुक्या जीवाच्या तोंडचा घास मोजावा, असं आमच्या घरात कोणाला सुचणंच शक्य नव्हतं.

"असंच चाललं त याचं लिव्हर जाईल," डॉक्टर म्हणाले. "वर्ष काढते का नाई, सांगता येत नाई."

स्वतःच्या बोटाची बातमी ऐकून रबडी आठवलेले बाबा ओट्यावर मटकन बसले. "मंग द्याचं काय याले?"

गोड पूर्ण बंद. गाजर, काकडी, उकडलेला दोडका, कोहळ्याची फोड, कधीमधी अंडं. कांदा, लसूण, मनुका चुकूनही नाही. डॉक्टर गाईकडे परत गेले.

त्या दिवशी गाजराचा तुकडा हुंगून कुत्र्याने बाबांकडे पाहिलं. मालक खातो तेच खाणं, ही त्याचीही एव्हाना खात्री झालेली. मग बाबांनी गाजर खाल्लं. उकडलेला, मीठही न घातलेला दोडका त्यांनी मिटक्या मारत खाल्ला, कारण तोंड वाकडं केलं असतं तर कुत्र्याने पाठ फिरवली असती. आईच्या हातची दोडक्याची भाजी ज्या माणसाने जन्मभर ताटाबाहेर सारली, तोच हा.

आई चौकटीत उभी राहून हे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने गुरांच्या डॉक्टरांच्या नावावर वाटेल ते खपवायला सुरुवात केली. कुत्र्याला भात नको, ज्वारीची भाकर द्या म्हणाले. त्याला सकाळी लांब फिरवून आणा म्हणाले. "अन तुमी चप्पल घाला. नाई त तो बी काट्यातून चालाले शिकते." डॉक्टर यातलं काहीही म्हणाले नव्हते. बाबांनी सगळं पाळलं.

कुत्र्याचं वजन उतरलं. जखम भरली. बोट राहिलं.

"आजोबा, पथ्य छान पाळलंत," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले.

"माझं नाई, कुत्र्याचं आहे," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

काही वर्षांनी एका थंडीत कुत्रा म्हातारा होऊन गेला. बाबांनी त्याला परसात स्वतः खड्डा खणून पुरलं. मग चप्पल न घालताच बाजारात गेले आणि जिलबीचा पुडा घेऊन आले. आईसमोर बसून खाऊ लागले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चारेक दिवसांनी तिने मला स्कूटर काढायला लावली. जवळच्या खेड्यात एका घरी कुत्री व्यायली होती. घरमालकाने कान टवकारलेलं एक पिल्लू पुढे केलं. "हे घ्या बाई, राखनीले चांगलं आहे."

"राखनीचं नको," आई म्हणाली. "यातलं सगळ्यात हावरं कोनतं आहे?"

भावंडांच्या अंगावरून चढून कुत्रीला लुचणारं एक गोल पिल्लू त्याने हसत उचलून दिलं. ज्या बाईने आमच्या कुत्र्याला कधी हात लावला नव्हता, ती त्याला पदरात गुंडाळून माझ्यामागे बसली. मला भरून आलं होतं, पण रस्ता खराब होता आणि समोर बघणं भाग होतं.

घरी बाबा ओट्यावर पुडा उघडून बसले होते. आईने पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"याले जन्मापासूनच शुगर आहे म्हनते," ती म्हणाली.

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, नंतर पिल्लाकडे. मग हातातली जिलबी पुड्यात परत ठेवली.