त्याच्या शेताला पाणी

धाकट्या भावाचं दिवसकार्य उरकून चार दिवस झाले असतील. दुपारची जेवणं झाली होती. आईनं मला विचारलं, "त्येच्या शेताला पाणी कोण पाजतंय आता?"

आम्हाला शेत नाही. आईच्या माहेरी, कोडोलीला आहे, पण त्यातलं तिच्या वाट्याला दिवाळीची साडी तेवढी येते. त्यामुळं मला आधी वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग दिसलं, ती भावाच्या लॅपटॉपकडं बघून बोलत होती.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, आमच्यातच राहायचा. एका फाउंड्रीसाठी ड्रॉइंगं काढायचा, बरीचशी घरूनच. दुपारी जेवला की अर्धा तास गेम खेळायचा. लहानपणी शेजाऱ्यांकडं दुबईहून आलेलं, हातात धरायचं एक खेळणं होतं, त्यातला शेतीचा गेम. ते खेळणं आता मिळत नाही, म्हणून त्यानं लॅपटॉपवर त्याचं एम्युलेटर टाकलं होतं. एम्युलेटर म्हणजे बहुरूपी. आमच्या पेठेत फौजदाराचा वेश करून बहुरूपी यायचा आणि क्षणभर माणसं खरंच दचकायची. तसा लॅपटॉप त्या जुन्या खेळण्याचा वेश घेतो, गेम फसतो आणि चालू होतो.

आई शेजारी लसूण सोलत बसायची आणि शेताला नावं ठेवायची. ऊस नाही. गाय वैरणीवाचून दूध देते. बांध नाही, म्हणजे भावकी नाही, मग हे कसलं शेत? तो हसायचा आणि पुढं नांगरत राहायचा.

मार्चमध्ये एका सकाळी तो जिन्यात बसला, तो उठलाच नाही.

माझं काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो, पण हाताला दुसऱ्याचा लागतो. तसं चाललं होतं. मी दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या, त्याचा फोन नंबर बंद केला, शाळेत जाऊन नववीला बीजगणित शिकवलं. लोक म्हणाले, थोरला खंबीर आहे. मी मान हलवली. खंबीर माणसानं मान हलवायची असते असं मला वाटलं.

तर आईनं विचारलं आणि मला करण्यासारखं काहीतरी मिळालं. मी तिला गेम शिकवला. लागणाऱ्या कळांवर तिनं स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या. पाण्याला हिरवी, चालायला चार पिवळ्या, आणि नको म्हणायला लाल. गेममधला शेतकरी झोपला की दुसरा दिवस उजाडतो. झोपण्याआधी गेम इंग्रजीत काहीतरी विचारतो. त्यावर काय दाबायचं, असं आईनं विचारलं. फोनवरच्या फसवणुकीच्या भीतीनं मी घरात एकच नियम करून ठेवला होता, तोच सांगितला. यंत्रानं काहीही विचारलं तर नको. तेव्हापासून आई रोज दुपारी शेताला पाणी पाजायची, पीक काढायची, शेतकऱ्याला झोपवायची, लाल टिकली दाबायची आणि गेमची खिडकी बंद करायची. दुसऱ्या दिवशी शेत जिथं सोडलं तिथंच उघडायचं. ते कसं, हे मी कधी विचारलं नाही. चालतंय ते चालतंय.

खंडेनवमीला मी घोळ केला.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पुजतात. विळी, कोयता, बायकोची शिलाई मशीन, माझी मोटारसायकल, शाळेतला लाकडी कंपाससुद्धा. बायको म्हणाली, भावजींचा लॅपटॉपही ठेवा. मी तो फडक्यानं पुसला, कळांच्या फटी कापसाच्या बोळ्यानं साफ केल्या. मग वाटलं, वरून पुसून काय होतंय, आतूनही आंघोळ घालू. लॅपटॉप बरेच महिने अपडेटच्या चिठ्ठ्या दाखवत होता आणि घरचा नियम म्हणून आम्ही नको म्हणत होतो. त्या दिवशी मी एकेक करून सगळ्यांना हो म्हटलं. त्यात एम्युलेटरही होतं. तासाभरानं सगळं नवंकोरं झालं. त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

पुजलेल्या हत्याराला दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. आईनं दोन दुपारी निमूट काढल्या. दसऱ्याला संध्याकाळी आम्ही आपट्याची पानं वाटून आलो. तिनं आधी लॅपटॉपला पान वाहिलं, मग झाकण उघडलं.

काळी खिडकी आली आणि मिटली. परत दाबलं, परत आली, परत मिटली.

मी म्हणालो, थांब, बघतो. मुलांना मी सांगत असतो, गणित अडलं की पायऱ्या लिहा. मी पाठकोऱ्या कागदावर पायऱ्या लिहिल्या. एक, बंद करून चालू केला. दोन, परत बंद करून चालू केला. तीन, एम्युलेटर काढून पुन्हा टाकलं. चार, इंटरनेटवर एकानं सुचवलं होतं म्हणून सेटिंगची फाईल बाजूला काढली. खिडकी येतच होती आणि मिटतच होती. शेवटी एम्युलेटरची स्वतःची नोंदवही सापडली, प्रत्येक वेळी सुरू होताना काय काय केलं हे ते त्यात लिहितं. चाळीसेक ओळी सगळं ठीक होतं. शेवटची ओळ होती, मागची स्थिती उघडत आहे. त्याच्यापुढं काही नाही.

आई मागं उभी होती. ती म्हणाली, शेत वाळंल. मी समजावलं की लॅपटॉप बंद असला की तिथला वेळही बंद असतो.

"बंद असलं म्हणून काय झालं? ऊन पडतंच की."



दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती. मी लॅपटॉप घेऊन राजारामपुरीत गेलो. भावाचा वर्गमित्र तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान मूळचं त्याच्या अब्बांचं, घड्याळांचं. भिंतीवर अजून चार-दोन बंद घड्याळं आहेत. मी त्याला सोनं दिलं, त्यानं पान कपाळाला लावून खिशात ठेवलं. टिकल्यांकडं बघितलं. नोंदवहीची शेवटची ओळ वाचली आणि मला म्हणाला, "दादा, ह्यात काय बिघडलेलं न्हाय. तुम्ही लई स्वच्छता केलीसा."

मग त्यानं नीट सांगितलं. शेत दोन ठिकाणी साठतं. एक गेमच्या स्वतःच्या वहीत, पण शेतकरी झोपताना वहीत लिहू का असं गेम विचारतो त्याला हो म्हटलं तरच. दुसरं एम्युलेटर ठेवतं. खिडकी बंद करताना ते त्या क्षणाचा फोटो काढतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करतं. आईचं सगळं शेत त्या फोटोत होतं. नव्या एम्युलेटरला जुना फोटो वाचता येईना. तो उघडायला जायचं आणि बंद पडायचं.

"मग वहीत काय हाय?" मी विचारलं.

त्यानं फोटो बाजूला ठेवून एम्युलेटर चालू केलं. ते बंद पडलं नाही. पडद्यावर एक खोली आली, खोलीत खाट, खाटेवर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन शेतकरी. वर तारीख होती. भाऊ गेला त्याच्या आदल्या दिवशीची, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आईनं सात महिने नको म्हटलं होतं, त्यामुळं वहीत त्याच्यानंतर कोणी काही लिहिलंच नव्हतं. कुठलीही कळ दाबली की हा उठतो आणि त्याचा दिवस चालू होतो, मित्र म्हणाला. कळ त्यानंही दाबली नाही. बराच वेळ आम्ही दोघं एका झोपलेल्या माणसाकडं बघत बसलो. इथं आपल्याला काहीतरी व्हायला हवं, असं मला वाटलं. मी वाट बघितली. शेजारच्या गाड्यावरून भजी तळल्याचा वास आला आणि भूक लागली.

त्यानं जुनं एम्युलेटर शोधून परत टाकलं. त्यात आईचं शेत उघडलं, होतं तसं. नवंही राहू दिलं, झोपलेल्यासाठी. पडद्यावर दोन्ही उघडायची दोन चित्रं करून दिली. पैसे घेईना. म्हणाला, "काकूंना सांगा, एक दुपार मीबी येतो बघाय."

घरी आल्यावर वाटलं, आईला झोपलेलं दाखवूच नये. पण लपवायला जी काही भावना लागते तीही जमेना. मी दोन्ही चित्रं दाखवली, आधी खाटेचं उघडलं.

तिनं चष्मा लावला. "ह्यो कवा झोपलाय?"

मी सांगितलं. मार्चमधला तो आदला दिवस. त्यानं स्वतः झोपवलाय. कळ दाबली की उठेल, त्या वेळचं शेत मिळेल, पण मग तिथून पुढं चालू होईल.

"उठवू?" मी विचारलं. माझं बोट कळेवर होतं.

आईनं माझा हात बाजूला केला. यंत्राच्या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलंच असतं, पण या वेळी तिनं वेळ घेतला.

"नको. झोपलाय, झोपू दे. माझं शेत दाव."

मी ती खिडकी बंद केली, दुसरी उघडली. तिचे मुळे उभे होते. एकही वाळला नव्हता, तरी तिनं प्रत्येकाला दोनदा पाणी दिलं. मी अपडेटची सगळी बटणं बंद केली. मग दुसरं काही सुचेना म्हणून स्वयंपाकघरातून लसणाचं ताट आणलं आणि तिच्या शेजारी सोलायला बसलो.

थोड्या वेळानं, पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "साल काढ नुसती. निम्मा लसूण टाकतोयास."