नकाशात नसलेली बोडी

मी तोफखान्यात सर्व्हेयर होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी घर बांधलं. नोकरीत माझं काम एकच, आपण नकाशावर नेमके कुठे आहोत ते सांगणं. ते मला चांगलं यायचं आणि त्याचा मला माज होता. आज माज म्हणतो, तेव्हा अभिमान म्हणायचो.

नायक देवराम मेश्राम माझ्याच गावचा, माझ्याच ओपी पार्टीचा, म्हणजे पुढे जाऊन शत्रूवर नजर ठेवणाऱ्या तुकडीचा, रेडिओ ऑपरेटर. उत्तरेकडच्या एका पोस्टवर असताना परतीच्या वाटेवर धुकं उतरलं. पाच माणसं, वीस मीटरपलीकडे काही दिसेना. मी होकायंत्रावर बेअरिंग घेतलं, पावलं मोजली आणि सोळा-चाळीसला पार्टी पोस्टच्या तारेशी आणून उभी केली. देवराम सेटवर एवढंच बोलला, "पार्टी पोहोचली. ओव्हर." पुढे सुट्टीवर आला की ती गोष्ट गावभर रंगवून सांगायचा. मी नको नको म्हणत ऐकायचो.

पेन्शनीनंतर मी पार्ट मागवून ड्रोन जोडला. ड्रोन डोळ्यांसमोर ठेवायचा असा नियम आहे. मी तो टेकडीपलीकडे न्यायचो, स्क्रीनवरचं चित्र आणि सर्व्हेचा जुना नकाशा ताडून पाहत. काम काही नव्हतं, नुसती हौस. देवरामही पेन्शनवर आला होता, शेजारी बसून म्हणायचा, साहेब, तुम्ही रिटायर झाले का नाई?

मे महिना होता. देवराम पहाटे पाचला तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला. दहाला परत येणारा माणूस दीड वाजला तरी आला नाही. फोन लागेना. ऊन असं की अंगणात उभं राहवत नव्हतं. त्याची बायको, सुमनवहिनी, माझ्या दारात आल्या. वनरक्षक सहा माणसं घेऊन निघाले होते. कुठे शोधायचं ते मी सांगणार होतो.

"भाऊजी, थे नव्या बोडीकडं गेले असतीन," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी उत्तरेकडे हात केला.

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मी नकाशा उघडला. किल्ल्यामागे एकच बोडी होती, तीन किलोमीटरवर, ईशान्येला. मी म्हणालो, तुम्ही म्हणता तिकडे पाणीच नाही. माझी नकाशाची शीट वहिनींच्या लग्नाआधीची होती आणि त्यांची बोडी मागाहून खोदलेली. त्या रोज त्या जंगलात जातात, मी वर्षातून दोनदा. पण शहाणा मी ठरलो, कारण प्रोट्रॅक्टर माझ्या हातात होता.

चौदा-शून्य-पाचला ड्रोन उडवला, किल्ल्याला उत्तरेकडून वळसा घालून नकाशातल्या बोडीकडे. वहिनी स्क्रीनजवळ आल्या, मलेही पाहू द्या म्हणाल्या. मी त्यांना मागे उभं केलं. सावली पडते असं सांगितलं. खरं म्हणजे मला मधे कुणी नको होतं.

चौदा-तेराला टेकडी आड आली आणि चित्र गेलं. ड्रोन ठरवून दिलेल्या मार्गानं चालत राहिला. घड्याळ लावून मी तो नकाशावर पुढे सरकवत होतो. जुन्या बोडीवर उंची वाढवायची सोय केलेली होती, तिथे चित्र परत आलं. कोरडी, भेगा पडलेली बोडी. माणूस नाही.

मी वनरक्षकांना फोन केला. "मार्ग आणि बोडी, दोन्ही क्लिअर. पूर्वेला वळा."

ते वळले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या शब्दावर माणसं वळली याचं मला त्या उन्हातही बरं वाटलं.

साडेचारला देवराम सापडला तो वहिनींनाच. दोन बायका सोबत घेऊन, मला न विचारता, त्या नव्या बोडीवर गेल्या. तो मोहाच्या झाडाखाली पडला होता, श्वास चालू होता. तुमसरला नेताना वाटेत गेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, दोन तास आधी आणलं असतं तर वाचले असते.

आठ दिवसांनी मी ड्रोनचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. चौदा-अकरा. चित्र स्वच्छ. लहानशी बोडी, काठावर मोह, खाली बसलेला माणूस. ड्रोनचा आवाज ऐकून त्यानं हात सरळ वर केला, तळवा समोर. फौजेतला थांबण्याचा इशारा. नऊ सेकंद तो दिसतो. ती नऊ सेकंदं तेव्हा माझ्या स्क्रीनवरूनच गेली होती.

कार्ड चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पुसून टाकावं असं अनेकदा मनात आलं. शेवटी वहिनींना नेऊन दाखवलं. त्यांनी तीन वेळा पाहिलं. रडल्या नाहीत.

"मंग तुम्ही काय पाहून राहिले होते?"

"नकाशा," मी म्हणालो.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात गावच्या शहीद जवानांची नावं दरवर्षी मी वाचतो. यंदा शेवटी मी माझ्या मनानं एक नाव जोडलं, नायक देवराम मेश्राम, रेडिओ ऑपरेटर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर बायकांच्या रांगेतून वहिनी उभ्या राहिल्या.

"कसे गेले थेही सांगा, भाऊजी."

पोरं, मास्तर, सरपंच, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी माईक जवळ घेतला आणि चौदा-शून्य-पाचपासून सांगायला लागलो.