ताईला पास करायचं नव्हतं

सरकारची अक्कल कुठे चरायला जाते, ते मला माझ्या थोरल्या बहिणीमुळे कळलं.

ताई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रोजंदारीवर आहे. रक्ताच्या, औषधांच्या, नको त्या डागांच्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. हातांची सालटी निघाली, पण कायम व्हायचं नाव नाही. त्यासाठी आठवीचा दाखला हवा, तोही चाळिशीच्या आत. चादरी धुवायला आठवी कशाला, ते विचारायची सोय नाही.

म्हणून ती संध्याकाळच्या प्रौढ वर्गाला जायला लागली. पोराटोरांच्या बाकात गुडघे कोंबून बसायची. हळूहळू घडाघडा वाचायला लागली, हिशेब करायला लागली. पण वर्गाच्या बाई तिला परीक्षेला काही बसवेनात. दरवर्षी आपलं एकच, "अजून कच्च्या आहात, पुढच्या वर्षी बघू."

शेवटी मीच बाईंना गाठलं. त्या नजर चुकवत म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला? अनुदान अडाण्यांच्या डोक्यामागे मिळतं. पास झालेलीचं नाव पटावरून जातं. पट घसरला की वर्ग बंद, आणि माझं मानधनही."

म्हणजे शिकवायचं, पण शिकू द्यायचं नाही. ज्याच्या सुपीक डोक्यातून हे निघालं, त्याला ताईच्या हौदात बुचकळून काढला पाहिजे.

तपासणीला साहेब आले, तेव्हा बाईंनी सगळ्यांना अडखळत वाचायला सांगितलं. ताई मुकाट्याने अडखळली. घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "अगं बये, तुझं वय निघून चाललंय."

"त्यांच्या पोटावर कसा पाय देऊ गं?" ती म्हणाली.

ताईची चाळिशी उलटली आणि मग सरकारला जाग आली. आता म्हणे पैसे पास होणाऱ्यांमागे मिळणार. बाईंनी ताबडतोब ताईला परीक्षेला बसवलं. ताई पहिली आली.

सत्कार झाला. साहेबांनी दाखला दिला, फोटो काढून घेतले आणि माईक ताईच्या तोंडासमोर धरला. "आता पुढे काय करणार?"

"चादरी धुणार, साहेब. कायम व्हायचं वय गेलं माझं."

"वा, वा," साहेब म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई खाली उतरली, माझा हात धरून म्हणाली, "चल लवकर, उद्या पहाटपाळी आहे."