आजींना झालेला भास

त्याला सगळे वायरमन म्हणत. पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षं गेली. पुढे लोक घरोघरी कॅमेरे मागू लागले, तेव्हा तोही तेच बसवायला लागला. मोबाइलवर घर दिसलं की गिऱ्हाईक खूश. पासवर्डच्या भानगडीत कुणाला रस नसे. लोक तो विसरत आणि ऐन जेवणाच्या वेळी याला फोन करत. म्हणून त्याने सगळीकडे एकच ठेवला: सहा वेळा एक. डोक्याला ताप नको.

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एका वहिनींनी सासूबाईंच्या खोलीत असाच कॅमेरा लावून घेतला. आजींचे पाय गेले होते. दिवसभर त्या पलंगावर एकट्याच. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येई. महिनाभराने वहिनींचा फोन आला, "जरा येऊन जाता का? आई म्हणतात, कॅमेऱ्यातून कुणीतरी माणूस बोलतो."

आजी वाटच बघत होत्या. "'आज उशी बदलली वाटतं,' म्हणतो मेला. आणि हसतो. टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं आवाज ऐकलेत रे बाबा मी. खरा माणूस कोणता, ते मला कळतं."

वायरमनला पुढच्या कामाची घाई होती. त्याने स्टुलावर चढून वायर हलवली, मोबाइलवर चित्र पाहिलं आणि दारात येऊन वहिनींना हळूच म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. वय झालंय आजींचं. भास होत असतील."

आजींनी ते ऐकलं.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, तो लाँड्रीवाल्याच्या दुकानात शिडीवर चढून दिवा बदलत होता. शेजारीच त्याने बसवलेला कॅमेरा होता. त्यातून आवाज आला, "शिडीवाले, सांभाळून हं. पडाल." आणि मग हसू.

लाँड्रीवाल्याने इस्त्री थांबवली. "ही तुमचीच गंमत ना?"

वायरमनला सगळीकडे ठेवलेला तो एकच पासवर्ड आठवला. मग आजींचा चेहरा आठवला. त्याने तिथल्या तिथे त्या कॅमेऱ्याची वायर उपटली आणि संध्याकाळी, वहिनी कामावरून यायच्या वेळेला, त्यांचं दार वाजवलं.

आजी तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. उशाशी गोळ्यांचं पाकीट.

"डॉक्टरांनी दिल्यात," वहिनी म्हणाल्या. "झोपूनच असतात, पण आता त्या माणसाचं नाव काढत नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हणून वेळेवर दाखवलं. उपकारच झाले तुमचे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप पासवर्ड बदलून निघून जाता आलं असतं. त्याने त्यासाठी मोबाइल खिशातून काढलाही. मग तो परत ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, आजी खरं बोलत होत्या."

त्याने सगळं सांगितलं. वहिनी मटकन खाली बसल्या. "दोन महिने मी त्यांना वेड्यात काढलं."

"तुम्ही नाही. मी."

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण तो माणूस कोण, कुठला, ते कधी कळलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. वायरमन पुढचे कितीतरी दिवस घरोघर फिरत राहिला. प्रत्येक ठिकाणी त्याने वेगळा, मोठा पासवर्ड घातला आणि का घालतोय तेही लपवलं नाही. कुणी शिव्या घातल्या, कुणी उंबऱ्यातूनच हाकललं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आजी नीट जाग्या राहू लागल्यावर तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"चुकलं माझं, आजी."

"'मला कळत नाही' म्हणाला असतास, तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "तो मेला परका, कुठे बसलाय देव जाणे. तू तर माझ्यासमोर उभा होतास. मीसुद्धा माझ्यावरचा विश्वास सोडला होता रे."

त्यांनी मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काढ तो."

त्याने कॅमेरा काढला, भिंतीतली भोकं बुजवली. मग वहिनींना विचारून पलंगापासून शेजारणीच्या घरापर्यंत साधी वायर टाकली आणि आजींच्या हाताशी एक बटण बसवलं. आजींनी ते दाबून पाहिलं. पलीकडे घंटा वाजली, शेजारीण धावत आली.

"वाजते," आजी तिला म्हणाल्या. वायरमनकडे त्यांनी पाहिलं नाही. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि खोलीतून बाहेर पडला.