गार तोंडाचं कोकरू

परभणीतल्या आमच्या गच्चीवर आबांची घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा तो उबट वास सुटतो, आणि मी थेट बोरी गावातल्या आमच्या घराच्या अंगणात जाऊन उभी राहते.

आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. कॅन्सर हाडांत उतरला, तसे ते भिंतीकडं तोंड करून नुसते कण्हत पडायचे. कुणाशी बोलणं नाही. मोठ्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलेलं. मग अशा आजाऱ्यांना घरी येऊन बघणारी एक सिस्टर आली. "यानं आजार जाणार न्हाई, पण कळ थांबंल," म्हणत तिनं औषध पाजलं.

त्या दुपारी आबा शांत झोपले. उठले तेव्हा अंगणात एक कोकरू ओरडायलं होतं. "आण इकडं," म्हणाले, आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. आमच्यात असंच बघतात. तोंड गार लागलं की कोकरू उपाशी. "आईखाली सोड त्याला, पोरी." मी सोडून आले, तर माझ्याकडं बघत म्हणाले, "अन् तू गं? जेवलीस का?"

मी जेवले होते. तरी "न्हाई" म्हणाले. आबा लय चिडले. "वाळायलीस नुसती! भाकर घे आधी." समोर बसवून त्यांनी मला खाऊ घातलं. किती दिवसांनी रागावले होते ते!

आज घोंगडीची घडी घालतानाही मी जेवलेलीच होते. तरी तोंडातून हळूच "न्हाई" निघालं.