हरलेले सामनेही लिहा

अंबरनाथच्या आमच्या फुटबॉल क्लबचे एक वयस्कर गृहस्थ नेहमी माझ्याकडे अर्ज लिहवून घेतात. ते मला वकीलसाहेब म्हणतात. मीही हरकत घेत नाही. मैदानावर वाहनतळ होणार असे कळताच ते पालिकेला अर्ज करण्यासाठी आले. क्लबच्या इतिहासात केवळ विजय नमूद करावेत, असा सल्ला मी अनुभवाअंती दिला.

"असं बघा, वकीलसाहेब, हरलो तेपण टाका."

"काका, हरणाऱ्यांना मैदान कोण देणार?"

"असं बघा, हरून पुढच्या रविवारी परत आलोच ना? क्लब म्हणजे दुसरं काय असतं?"

मी नाइलाजाने तसे लिहिले.

अर्ज वाचून पालिकेचे अधिकारी रविवारी पाहणीस आले, तेव्हा आमचा संघ हरतच होता. अधिकारी प्रथम घड्याळ पाहत होते. थोड्या वेळाने ते पुढे सरसावून आमच्या गोलकीपरवर ओरडू लागले, "अरे, बाहेर ये ना! उभा काय राहिलायस?"

निर्णय ज्यांच्या हाती, त्यांचाच दंड गृहस्थांनी धरला.

"साहेब, फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर नको. मागं व्हा."

साहेब मुकाट्याने मागे सरले आणि पुन्हा ओरडू लागले.